आठवड्याची सभा : रोटरी क्लब चालतो कसा आणि आपल्या गावाने त्याचा उपयोग कसा करून घ्यावा



तालुक्याच्या गावात शिरताना रस्त्याच्या कडेला निळ्या-सोनेरी रंगाचे दातेरी चाक काढलेली पाटी आपण सर्वांनी पाहिली आहे. गट ऑफिसात बसलो की हा विषय कधी ना कधी निघतोच. एक जण विचारतो, "साहेब, हे रोटरीवाले करतात तरी काय? दर आठवड्याला जेवतात म्हणे." लगेच दुसरा म्हणतो, "अहो, माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांच्याच शिबिरात झालं." दोघांचेही म्हणणे खरे आहे. ते जेवतातही आणि शिबिरेही घेतात. परंतु या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे कळल्याशिवाय आपल्यासारख्या शेतकऱ्यांना अशा क्लबाचा पुरता उपयोग करून घेता येत नाही. म्हणून यावेळी बेणे, खत, हुमणी हे विषय बाजूला ठेवून या विषयावर चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम त्या चाकाविषयी. त्याला चोवीस दाते आणि सहा आरे आहेत. मधल्या भोकात एक छोटी खाच दिसते. आपल्या कारखान्यातील फिटर मंडळींना ती खाच कशाची ते सांगायला नको. चाक शाफ्टवर बसवताना चावी ठोकतात, तिची ती जागा. सुरुवातीच्या चित्रात ही खाच नव्हती. तेव्हा काही जाणकार म्हणाले की, असे चाक शाफ्टवर नुसते सैल फिरेल, त्याच्याकडून काही काम होणार नाही. मग १९२० च्या दशकात खाच काढण्यात आली. चित्रातल्या चाकानेसुद्धा काम केले पाहिजे, असे म्हणणारी ही माणसे आम्हाला तरी आवडली.

संस्थेचा जन्म अमेरिकेतील शिकागो शहरात २३ फेब्रुवारी १९०५ रोजी झाला. पॉल हॅरिस नावाचे वकील आणि त्यांचे तीन ओळखीचे लोक, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण इंजिनिअर आणि एक शिंपीकामाचा व्यावसायिक, असे चौघे एका ऑफिसात बसले. मोठ्या शहरात माणूस माणसाला ओळखत नाही, तर निरनिराळ्या धंद्यांतील लोकांनी ठरावीक दिवशी भेटावे, एवढाच विचार. सभा पाळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात भरायची, म्हणून नाव पडले रोटरी. म्हणजे फिरती. आपल्याकडे भिशी फिरते तशीच म्हणा. पुढे नुसत्या भेटींवर भागेना. १९०७ साली या मंडळींनी शहरात सार्वजनिक संडास बांधून घेण्यासाठी पुढाकार घेतला. रोटरीचे पहिले समाजकार्य म्हणून तेच सांगितले जाते. संडासाचे काम हलके समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

भारतात पहिला क्लब कलकत्त्याला निघाला व १९२० च्या आरंभी त्याला सनद मिळाली. मुंबईचा क्लब १९२९ चा. कलकत्त्याचे नितीश लाहरी १९६२-६३ साली सबंध जगाच्या रोटरीचे अध्यक्ष झाले. त्या जागेवर बसलेले ते पहिले भारतीय. २०११-१२ साली ते पद वापीच्या कल्याण बॅनर्जी यांच्याकडे आले. लायन्स क्लब ही संस्था निराळी. तीही शिकागोतच, १९१७ साली, मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाच्या पुढाकाराने निघाली. हेलन केलर या अंध विदुषीने १९२५ साली लायन्सच्या अधिवेशनात आवाहन केले, तेव्हापासून अंधत्व निवारण हे लायन्सचे मुख्य काम झाले. आपल्या बऱ्याच तालुक्यांच्या गावी दोन्ही क्लब असतात. कार्यपद्धतीत थोडा फरक आहे, पण पुढे आम्ही जे सांगणार आहोत ते बहुतांशी दोन्हींना लागू पडते.

सभेत काय होते

रोटरीची सभा ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी भरते. पूर्वी दर आठवड्याला सभा घेणे सक्तीचे होते आणि हजेरीचा नियम कडक होता. स्वतःच्या क्लबाची सभा चुकली तर दुसऱ्या गावच्या क्लबात जाऊन हजेरी भरून काढायची पद्धत होती. २०१६ पासून नियम सैल झाले. आता महिन्यातून निदान दोन सभा झाल्या तरी चालतात. पण जुने सभासद अजूनही आठवडा चुकवीत नाहीत.

अध्यक्ष घंटा वाजवतात आणि सभा सुरू होते. राष्ट्रगीत होते. पाहुण्यांची ओळख होते. मग सेक्रेटरी उठतात आणि कामाची यादी वाचतात : अमक्या शाळेच्या पाण्याच्या टाकीचे काय झाले, तमक्या शिबिराला बस कोण देणार, हिशोब आला का. वाढदिवस असलेल्यांचे अभिनंदन होते. शिस्त राखणारा एक पदाधिकारी असतो. उशिरा आलेल्यांकडून तो गमतीने दंड वसूल करतो. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटे पाहुण्या वक्त्याचे भाषण, थोडी प्रश्नोत्तरे, आभार, पुन्हा घंटा. तास-दीड तासात सारे आटोपते. आपल्या ग्रामसभेची सवय असलेल्या माणसाला हे फारच झटपट वाटते. तिथे राजकारणावर आणि धर्मावर पक्ष घेऊन बोलायचे नाही, असा दंडक आहे. त्यामुळे बराच वेळ वाचत असावा.

यातला जेवणाचा भाग बाहेरच्यांच्या डोळ्यांत भरतो. तर जेवण सभासदांच्या स्वतःच्या वर्गणीतून होते. बहुतेक क्लबांत दोन हिशोब वेगळे ठेवतात : एक क्लबाच्या खर्चाचा आणि दुसरा लोकांकडून सेवाकार्यासाठी जमवलेल्या पैशांचा. लायन्समध्ये तर जनतेकडून आलेला पैसा जनतेच्याच कामाला लागला पाहिजे, असा सक्त नियम आहे. आपण कोणत्याही क्लबाला देणगी दिली तर पावती कोणत्या खात्याची आहे ते जरूर पाहावे. विचारायला संकोच वाटू देऊ नये. आपण ऊस घालतो तेव्हा काट्याची पावती पाहतोच ना?

सभेचा खरा फायदा जेवणात नाही आणि भाषणातही नाही. तो सभासद निवडण्याच्या पद्धतीत आहे. क्लबात एकाच धंद्याची गर्दी होऊ देत नाहीत. डॉक्टर, वकील, औषध दुकानदार, बँकेचा मॅनेजर, मुख्याध्यापक, मंडपवाला, वाहतूक ठेकेदार, इंजिनिअर असे निरनिराळे लोक घेतात. सभासद होण्यासाठी अर्ज करून रांगेत उभे राहायचे नसते, आतल्या सभासदाने नाव सुचवावे लागते. अशी दहा धंद्यांची माणसे दर आठवड्याला एका खोलीत बसली की जे काम एरवी दहा कचेऱ्यांचे उंबरे झिजवून होत नाही, ते कधी कधी एका संध्याकाळी मार्गी लागते.

एक अनुभव सांगतो. गेल्या काही वर्षांत क्लबाने आम्हाला ऊस विकासावर बोलायला दोन-तीन वेळा बोलावले. एकदा प्रश्नोत्तरात विषय ऊसतोड मजुरांवर गेला. क्लबाने तळावरच्या बायामाणसांसाठी आरोग्य तपासणी ठेवली होती आणि तिला फारसे कोणी आले नव्हते. "या लोकांना आरोग्याची किंमतच नाही," असे एकाने बोलून दाखवले. आम्ही विचारले, "तपासणी किती वाजता होती?" उत्तर आले, सकाळी अकरा ते दोन. आता पहाटे कोयता घेऊन फडात गेलेली बाई अकरा वाजता तळावर कुठून असणार? मोळ्या बांधून, गाडी भरून ती परत येते तेव्हा दिवेलागण झालेली असते. त्यातही एका दिवसाची मजुरी बुडवून रांगेत बसणे तिला परवडत नाही. क्षणभर कोणी बोलेना. मग एक डॉक्टर म्हणाले, "मी सातनंतर येतो." मंडपवाल्याने दिव्यांची जबाबदारी घेतली. औषध दुकानदाराने लोहाच्या गोळ्या आणि मलमे देऊ केली. एका बाई सभासदांनी सुचवले की महिला डॉक्टर असल्याशिवाय बाया आपले दुखणे सांगणार नाहीत, आणि ती व्यवस्था त्यांनीच केली. आम्ही मुकादमांना आदल्या दिवशी निरोप दिले. त्या रात्री साडेदहा वाजले तरी रांग संपली नव्हती. माहिती योग्य खोलीत योग्य वारी पोचली, एवढाच काय तो फरक.

बाई सभासदांवरून आठवले. १९८९ पर्यंत रोटरीत फक्त पुरुषांनाच घेत असत. कॅलिफोर्नियातील दुआर्ते गावच्या क्लबाने १९७७ साली स्त्रियांना सभासद करून घेतले, म्हणून त्याची सनदच काढून घेण्यात आली होती. भांडण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८७ साली निकाल क्लबाच्या बाजूने लागला आणि दोन वर्षांनी जगभर दार उघडले. आज कित्येक ठिकाणी अध्यक्षपदी भगिनी आहेत. आपल्या सभासद भगिनींनी हे मुद्दाम वाचावे.

नियमितपणा कुठे उपयोगी पडतो

रक्तदानाचे उदाहरण घ्या. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला मोठी शिबिरे होतात, बाटल्यांचे आकडे पेपरात येतात. पण रक्तपेढीत रक्त साधारण ३५ ते ४२ दिवसच टिकते. एका दिवशी हजार बाटल्या जमवल्या आणि पुढचे चार महिने कोणी फिरकले नाही, तर मे महिन्यात बाळंतिणीला रक्त मिळत नाही. कॉलेजे बंद असतात तेव्हा टंचाई हमखास पडते. दर महिन्याला पन्नास बाटल्यांची लहान शिबिरे यापेक्षा किती तरी उपयोगी. असे काम घंटा वाजवून ठरलेल्या वारी भेटणाऱ्या संस्थेलाच जमते. देणाऱ्याचे वय १८ ते ६५ असावे, वजन ४५ किलोपेक्षा कमी नसावे, हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली नसावे. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा देता येते. एप्रिल-मेमध्ये हंगाम आटोपलेला असतो, तेव्हा आपल्या तरुण सभासदांनी हा खंड भरून काढावा अशी आमची सूचना आहे.

मोतीबिंदूचेही तसेच. शिबिरे बहुतेक दिवाळीनंतर ते माघापर्यंत होतात. कारण पावसाळ्यात किंवा उन्हाळ्यात डोळ्याचे ऑपरेशन करू नये, असा जुना समज लोकांच्या मनात घट्ट बसला आहे. शाळेच्या वर्गात ऑपरेशन करून जाड भिंगाचा चष्मा देण्याचे दिवस होते, तेव्हाची ती गोष्ट. आता गावात फक्त तपासणी होते. रुग्णाला बसने दवाखान्यात नेतात, डोळ्यात कृत्रिम भिंग बसवतात आणि बहुधा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. हे कोणत्याही ऋतूत करता येते. "मोतीबिंदू पिकला की काढू" हेही आता धरून बसायचे कारण नाही. दिसायला अडचण होऊ लागली की दाखवावे. पण शिबिरे नेमकी गळीत हंगामातच भरतात आणि आपल्या घरात तेव्हा तोड, वाहतूक, खोडव्याची कामे. म्हातारीला तपासणीला नेणार कोण? 'पुढल्या वर्षी बघू' म्हणता म्हणता दोन-तीन वर्षे जातात. त्या काळात ती चुलीशी चाचपडत असते. पडली आणि खुब्याचे हाड मोडले तर अंथरुणाला खिळते. शिवाय डोळ्याला काचबिंदू असेल तर गेलेली नजर परत येत नाही, म्हणूनही उशीर नको. शिबिराला जाण्याआधी रक्तदाब आणि साखर तपासून कागद बरोबर न्यावेत. त्यावाचून अनेकांना दारातून परत यावे लागते. ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस पाचटाच्या धुळीत आणि चुलीच्या धुरात जाऊ नये.

पोलिओचे काम तर नियमितपणाचा कळसच म्हणावा लागेल. रोटरीने १९८५ साली ही मोहीम जागतिक पातळीवर हाती घेतली. आपल्या देशात १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. डोस देणारे हात सरकारी परिचारिकांचे आणि अंगणवाडीच्या बाईंचे, हे विसरता कामा नये. क्लबांनी पैसा, प्रचार, वाहने आणि बूथवर बसायला माणसे दिली. वीटभट्ट्या, बांधकामे, ऊसतोडीचे तळ अशा फिरत्या वस्त्यांवरची मुले शोधणे सर्वांत कठीण होते, कारण ती कोणत्याच गावच्या यादीत नसत. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात सापडला. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. पण अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात मूळचा विषाणू अद्याप आहे, म्हणून डोसाचे रविवार थांबलेले नाहीत. तळावर पथक आले की मुकादमाने मुले दडवू नयेत, एवढी ताकीद आपण सर्वांनीच द्यावी.

आता न पटणारी बाजूही लिहितो. रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. दरवर्षी नवा अध्यक्ष, नवे पदाधिकारी. यामुळे कोणी खुर्चीला चिकटत नाही हे चांगले. पण नव्या अध्यक्षाला स्वतःचे नवे काम हवे असते आणि मागच्याचे काम पोरके होते. जुलैत पदग्रहणाच्या उत्साहात लावलेली झाडे मार्चमध्ये वाळलेली आम्ही कितीदा पाहिली आहेत. खड्डा खणतानाचा फोटो निघतो. पाणी घालतानाचा कोणी काढत नाही. यात क्लबाइतकाच गावाचाही दोष आहे. झाडे आपल्या शाळेच्या आवारात, बोअर आपले, आणि पाणी घालायला तालुक्याहून वकीलसाहेब यावेत, ही अपेक्षा बरी नव्हे.

यावर रोटरीत एक तोड आहे, पण ती फारशी कोणाला माहीत नाही. १९८६ साली रोटरीचे त्यावेळचे जागतिक अध्यक्ष फिलिपाइन्सचे कपारास यांनी गावपातळीवरच्या सेवा दलांची कल्पना काढली. आज त्यांना रोटरी कम्युनिटी कोर म्हणतात. यात रोटरीचे सभासद असावे लागत नाही, आठवड्याच्या सभेला तालुक्याला जावे लागत नाही. गावातलेच लोक आपले दल करतात, आपल्या गरजा आपण ठरवतात आणि क्लब त्यांचा पालक होतो. क्लबाची माणसे दरसाल बदलली तरी दल गावातच राहते. आमच्या मते ऊसपट्ट्यातल्या गावांना ही व्यवस्था फार सोयीची आहे. मोठे काम असेल, उदाहरणार्थ दवाखान्याची यंत्रसामग्री किंवा पाणी योजना, तर आपला क्लब आणि परदेशातला एखादा क्लब मिळून रोटरी फाउंडेशनकडे अनुदान मागू शकतात. असा प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा असावा लागतो आणि गावाची गरज खरोखर कोणती याची पाहणी आधी दाखवावी लागते. ती पाहणी गावात दल असेल तर नीट होते. नाहीतर कोणी तरी खोलीत बसून कागद भरतो आणि ज्या गावात नळ आहे तिथे पुन्हा नळच येतो.

मागणी कधी आणि कशी करावी

नवे पदाधिकारी जुलैत बसतात, पण वर्षाचा आराखडा त्यांनी एप्रिल ते जून या काळातच आखलेला असतो. आपण बहुधा शिबिर जवळ आल्यावर, नोव्हेंबरात, सांगायला जातो. तोवर तारखा ठरून गेलेल्या असतात. मे महिना यासाठी उत्तम. आपला हंगाम बंद, आडसालीच्या लागणीला अजून अवकाश आणि त्यांचे नियोजन चालू.

मावळत्या अध्यक्षांना नव्हे, जुलैत येणाऱ्या अध्यक्षांना भेटावे. तोंडी सांगून येऊ नये. एका पानाचा अर्ज द्यावा, म्हणजे सेक्रेटरीला तो सभेत वाचावा लागतो. "आमच्या गावासाठी काही तरी करा" असे लिहू नये. नेमके लिहावे : साठीच्या पुढची किती माणसे, त्यांतली नजर अधू झालेली किती, कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी लोक मोकळे असतात, शाळेची खोली आणि वीज आहे का, गावातर्फे जबाबदारी कोण घेणार. गाव स्वतः काय देणार तेही लिहावे. पाहुण्यांचा चहा म्हणा, बसचे डिझेल म्हणा किंवा झाडांचे पाणी म्हणा. ऊसतोड तळासाठी मागणी असेल तर सायंकाळी सातनंतरची वेळ ठळक लिहावी. अर्ज दिल्यावर सभेचा वार विचारून घ्यावा आणि गावातल्या एकाने पाहुणा म्हणून जाऊन बसावे. पाहुण्याला ते परत पाठवीत नाहीत.

ज्या गावांना नेत्र तपासणी जुलै-ऑगस्टात किंवा होळीनंतर हवी आहे, त्यांनी नावांची यादी आपापल्या गट ऑफिसात चिटबॉयकडे मे अखेरपर्यंत द्यावी. गावनिहाय आकडे एकत्र करून जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ते तालुक्याच्या दोन्ही क्लबांकडे पोचवू. यादीत रुग्णाच्या नावापुढे त्याला नेणाऱ्या घरच्या माणसाचे नाव व फोन नंबर न विसरता लिहावा.